सणाचे हॅम्पर : खोक्याचे किती, खाण्याचे किती?

निळाई (धागाकर्ती)

सण तोंडावर आला की रोज नवी जाहिरात येऊन आदळते. सुंदर खोका, रिबीन, कागदाच्या रंगीत कातरणावर मांडलेल्या बरण्या आणि खाली एक किंमत. त्या किमतीत खाणं नेमकं किती येतं हे सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलं तरी इतक्या बारीक अक्षरात की शोधावं लागतं. मी आता एक शिस्त लावून घेतली आहे. आधी यादी मिळवायची, प्रत्येक वस्तूचं निव्वळ वजन लिहायचं आणि त्याच प्रतीचा माल सुट्टा घेतला तर कितीला पडतो ते शेजारी मांडायचं.

आत्ता माझ्यासमोर असलेल्या एका हॅम्परचं बघा. भाजलेले बदाम ६० ग्रॅम, काजू ६० ग्रॅम, चॉकलेट ८० ग्रॅम, बिस्किटं १०० ग्रॅम, मध ४० ग्रॅम, चहापत्ती २५ ग्रॅम. झालं ३६५ ग्रॅम. शिवाय एक मेणबत्ती आणि एक शुभेच्छापत्र. जाहिरातीत मात्र '८ वस्तूंचा भरगच्च हॅम्पर' आणि वजन दीड किलो. हे दीड किलो खोक्यासकट आहे, हे खाली तारा करून लिहिलंय.

चांगल्या दुकानातल्या सुट्ट्या भावाने, म्हणजे अगदी स्वस्तातल्या नव्हे, मी बेरीज केली. ती हॅम्परच्या किमतीच्या ३८ टक्के भरली. खोका, मेणबत्ती, कार्ड यांना सढळ हाताने आणखी २० टक्के दिले तरी उरलेले ४२ टक्के कशाचे, याचं उत्तर मला सापडत नाही.

हॅम्पर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. वेळ नसतो, दूर पाठवायचं असतं, एकदम पंचवीस जणांना द्यायचं असतं. पण माल उलगडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, एवढं मला मनापासून वाटतं. तुम्ही रास्त भाव कसा शोधता? अनुभव लिहा. दुकानांची नावं नकोत, पद्धती लिहा.

तराजू

चांगला धागा. यादी मांडण्याच्या पद्धतीला पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो: सगळं १०० ग्रॅमच्या भावावर आणा. ४० ग्रॅमच्या बरणीची किंमत ऐकायला किरकोळ वाटते. तिला अडीचने गुणलं की खरा भाव दिसतो, आणि तो नेहमीच्या अर्ध्या किलोच्या बरणीशेजारी ठेवला की डोळे उघडतात. छोट्या बरण्यांमध्ये काच आणि झाकणाचाच खर्च जास्त असतो हे खरं, पण फरक तेवढ्यापुरता राहत नाही.

युरोपात याच कारणासाठी १९९८ च्या निर्देशानुसार दुकानाला वस्तूच्या किमतीबरोबर किलोमागचा किंवा लिटरमागचा भावही लावावा लागतो. हॅम्परमध्ये नेमकी हीच तुलना मोडते, कारण सहा वेगवेगळ्या वस्तूंचा मिळून एक भाव काढता येत नाही. तेव्हा ती आपणच करायची.

पाकात किंवा मिठाच्या पाण्यात बुडवलेली फळं, ऑलिव्ह वगैरे असतील तर आणखी एक आकडा बघा. अन्नपदार्थांच्या लेबलांसाठी कोडेक्सचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्नमानक आयोगाचं, जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात अशा पदार्थांसाठी पाक किंवा पाणी निथळून उरलेलं वजन वेगळं देण्याची अपेक्षा आहे. बरणीवर मोठ्या अक्षरात ३५० असतं आणि निथळल्यावर उरतं त्याहून बरंच कमी. आपण विकत घेतो फळं, पाक नव्हे.

उंबरा

पण खोका बंद असतो आणि दुकानदार उघडू देत नाही, तेव्हा काय करायचं?

तराजू

@उंबरा, वजनासकट यादी मागायची, तीही लेखी. मेसेजवर पाठवली तरी चालते. जो प्रामाणिकपणे विकतो त्याच्याकडे ती तयार असते, कारण भरताना त्यालाही ती लागतेच. 'अहो, आत भरपूर आहे' एवढंच उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जावं.

कोरा कागद

मी स्वतः सणाला हॅम्पर भरून विकते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. निळाई ताईंची ४२ टक्क्यांवरची हरकत मला पटते, पण सुट्ट्या मालाची बेरीज म्हणजेच हॅम्परची रास्त किंमत, असं कुणी धरून चाललं तर तेही बरोबर नाही.

एका खोक्यामागे काय काय असतं ते सांगते. खोके घाऊक घ्यावे लागतात, किमान नग ठरलेले असतात, आणि उरलेले पुढच्या वर्षी जुने दिसतात. आतल्या पुठ्ठ्याच्या चौकटी वेगळ्या बनवून घ्याव्या लागतात, नाहीतर बरण्या एकमेकींवर आपटतात. माल आला की निवडायचा, वजन करायचं, पाकिटं सील करायची, लेबलं लावायची. हे सगळं सणाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत एकवटतं, तेव्हा हाताशी माणसं घ्यावी लागतात आणि त्यांना नीट मजुरी द्यायलाच हवी. वाटेत फुटतुट होते, तिची भरपाई मी करते. आणि शेवटच्या दिवशी रद्द झालेल्या ऑर्डरी असतात, त्यांचा माल माझ्या गळ्यात.

म्हणून माझं गिऱ्हाइकांना सांगणं असतं की भाव चार ओळींत मागा: माल, खोका, मजुरी, पोचवणं. मी तसाच देते. मजुरीची ओळ बघून कुणी घासाघीस करत नाही, उलट लोकांना समाधान वाटतं. ज्यांना खोका नको असतो ते कापडी पिशवीत मागतात आणि तो खर्च त्यांचा वाचतो.

एक आणखी. आम्हाला सणाच्या ऐन गर्दीत मालच महाग मिळतो. तुम्ही दीड महिना आधी सांगितलंत तर मी मेवा आधीच्या भावाने उचलू शकते आणि तो फरक तुम्हाला देऊ शकते. आठ दिवसांवर आल्यावर फोन केलात तर माझ्या हातात काहीच नसतं.

निळाई

@कोरा कागद, चार ओळींची कल्पना फार आवडली. मजुरी दिसली की ती द्यायला हरकत वाटतच नाही. माझा राग आहे तो कातरणाखाली लपवलेल्या रिकाम्या जागेवर. बरणी उभी दिसावी म्हणून खाली बोटभर पुठ्ठा घातलेला मी पाहिलाय.

हिशेब चोख

त्या पुठ्ठ्याबद्दल. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत या पोकळीचा वेगळा विचार केलेला आहे. माल फुटू नये म्हणून, भरणाऱ्या यंत्राच्या गरजेमुळे किंवा वाहतुकीत माल खाली बसल्यामुळे जागा राहिली तर ती चालते. आतलं पूर्ण दिसत नाही अशा डब्यात कारणाशिवाय पोकळी ठेवली तर ते वेष्टन दिशाभूल करणारं ठरतं. कायदा कुठलाही लागू असो, आपल्याला विचारायचा प्रश्न तोच: ही जागा मालाच्या रक्षणासाठी आहे की माल मोठा दिसावा म्हणून?

'५० टक्के सूट' बद्दलही लिहितो. सणाआधी मूळ किंमत चढवायची आणि मग ती खोडून खाली नवी लिहायची, हा प्रकार सर्रास चालतो. युरोपीय संघात २०२२ पासून नियम आहे की सूट जाहीर करताना मागच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत आधीची किंमत म्हणून दाखवायची. जिथे असा नियम नाही तिथे आपणच महिनाभर आधी किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. फोनमध्ये एक फोल्डर करा, पुरतं.

गच्चीतली बाग

काजूवर लिहायलाच हवं, कारण हॅम्परमध्ये सगळ्यात जास्त चलाखी तिथे होते. पाकिटावर 'प्रीमियम', 'जम्बो', 'रॉयल' असं लिहिलेलं असतं. या शब्दांना अर्थ नाही. अर्थ आहे तो प्रतीच्या आकड्याला: डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०. हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे काजू बसतात तो. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग.

घरी तपासायला काहीच लागत नाही. १०० ग्रॅम काजू काट्यावर घ्या आणि मोजा. साधारण ३७ ते ४० निघाले तर १८० ची प्रत, ४९ ते ५३ म्हणजे २४०, आणि ६६ ते ७० म्हणजे ३२०. मी ताटात दहा-दहाच्या ओळी लावून मोजते. एका 'जम्बो' पाकिटातून सत्तरच्या आसपास निघाले होते. ३२० चा काजू वाईट मुळीच नाही, रोजच्या खाण्यात बहुधा तोच येतो. पण १८० चा भाव घेऊन ३२० द्यायचा हे चुकीचं आहे.

पाकळी आणि तुकडा यांचा भाव आणखी खाली असतो. मिठाईत किंवा बिस्किटांत घालायचे असतील तर अख्खे काजू घेऊन पैसे का घालवायचे? पाकळी घ्या, चव तीच. भेट म्हणून पारदर्शक बरणीत द्यायचे असतील तरच अख्ख्यांना किंमत मोजावी.

मसाला लावलेल्या मेव्याकडेही जरा संशयाने बघा. जाड मसाल्याच्या थराखाली प्रत दिसत नाही, आणि मीठ-मसाल्याचं वजन मेव्याच्या भावाने जातं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तिथे मेव्यानंतर लगेच पीठ किंवा स्टार्च आलं की समजून घ्यायचं.

उंबरा

ही काजू मोजायची युक्ती माहीतच नव्हती. आजच करून बघतो. चॉकलेटचं पण असं काही असतं का?

गच्चीतली बाग

@उंबरा दादा, असतं. मागची यादी वाचा. कोडेक्सच्या मानकानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज इतर वनस्पती तेल-चरबी ५ टक्क्यांपर्यंतच चालते. कोको पावडर आणि पाम तेलासारखं स्निग्ध वापरून जे बनतं त्याला धंद्यात कंपाउंड म्हणतात. ते स्वस्त पडतं, हातात लवकर वितळत नाही, साच्यात छान बसतं. म्हणून हॅम्परमधली नक्षीदार, सोनेरी वर्ख लावलेली 'हॅण्डमेड' चॉकलेटं पुष्कळदा कंपाउंडची असतात. खायला हरकत नाही, मुलांना आवडतातही. फक्त भाव कंपाउंडचा असावा.

मनमौजी

चॉकलेट महाग होण्यामागे खरं कारणही आहे, सगळीच लूट नव्हे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे हवामान फिरलं, झाडांवर रोग पडला, पीक घटलं. २०२२ मध्ये टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला वायदेबाजारातला भाव मार्च २०२४ मध्ये पहिल्यांदाच १०,००० च्या वर गेला आणि त्या डिसेंबरात १२,००० च्याही वर. २०२५ मध्ये तो बराच खाली आला. पण भाव चढताना वड्यांचं वजन घटलं ते घटलेलंच दिसतं. जुनं वेष्टन सापडलं तर नव्याशेजारी ठेवून वजनाचा आकडा जरूर बघा.

दुपारचा चहा

मला जरा वेगळं वाटतं. भेट ही भेट असते. समोरच्याने खोका उघडल्यावर त्याचा चेहरा फुलला पाहिजे. घेणारा काही ग्रॅम मोजत बसत नाही. मग आपण तरी एवढा काथ्याकूट का करावा?

हिशेब चोख

@दुपारचा चहा, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण घेणाऱ्याला काय वाटतं यावर अभ्यास झालेला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं की मिळालेल्या भेटींची, भावनेची बाजू सोडून, त्यांच्या लेखी किंमत किती. ती देणाऱ्याच्या खर्चापेक्षा साधारण १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली. म्हणजे न आवडणाऱ्या किंवा न लागणाऱ्या गोष्टीत देणाऱ्याचे पैसे जातात आणि घेणाऱ्याला तेवढं मिळतही नाही.

आणखी एक निरीक्षण २०१२ मध्ये मांडलं गेलं. देणाऱ्याला वाटतं की चांगल्या वस्तूबरोबर आणखी एक छोटी स्वस्त वस्तू टाकली की भेट मोठी होते. घेणारा मात्र सगळ्याची सरासरी काढतो आणि त्याला पूर्ण भेटच उतरलेली वाटते. हॅम्परमधली मेणबत्ती, प्लास्टिकचं फूल, २५ ग्रॅम चहा हे नेमकं तेच करतात. एकच उत्तम वस्तू, भरपूर प्रमाणात, साध्या पण नीटनेटक्या वेष्टनात दिली तर चेहरा जास्त फुलतो.

दुपारचा चहा

सरासरीचं पटलं. आईला दरवर्षी हॅम्पर यायचे त्यातलं अर्धं ती कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकायची आणि बदामाची बरणी तेवढी ठेवून घ्यायची. यंदा बहिणीला अर्धा किलो चांगले बदामच पाठवते.

लांबचा पल्ला

आमच्या कचेरीत दरवर्षी सगळ्यांसाठी एकगठ्ठा खरेदी होते आणि ती जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मोठ्या ऑर्डरीत घोळ कुठे होतो ते लिहितो.

नमुना मागवाच, आणि तो खर्च भरून मागवा. फुकटचा नमुना निवडून भरलेला असतो. नमुन्यातली प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवा, फोटो काढा आणि ऑर्डरीला जोडा. मग दरपत्रकातलं ते एक वाक्य शोधा: 'उपलब्धतेनुसार तत्सम वस्तू देण्यात येईल.' या तत्समच्या आडून चांगल्या बदामाच्या जागी मसाला शेंगदाणे येतात. मी ते वाक्य खोडून 'बदल करायचा असल्यास आधी लेखी संमती' असं लिहून घेतो. त्यावर कुणी ऑर्डर नाकारली नाही.

दुसरं, मुदत. 'बेस्ट बिफोर'ची तारीख सणानंतर किमान दोन महिने पुढची असावी असं ठरवून घ्या. गेल्या सणाचा उरलेला माल नव्या खोक्यात भरला जाण्याची भीती अगदी खरी आहे. खोक्यावरची तारीख खोक्याची असते, तेव्हा आतल्या प्रत्येक पाकिटावरची बघा. भाजलेला मेवा कच्च्यापेक्षा लवकर खवट होतो, म्हणून त्याची तारीख आधी.

आगाऊ रक्कम सगळी कधीच देऊ नका. वर्षभर हप्ते भरून सणाला हॅम्पर मिळण्याच्या योजना असतात, त्यांच्याबाबतीत तर फारच जपा. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची अशीच योजना होती. लोक महिन्यामहिन्याला थोडे थोडे पैसे टाकायचे आणि नाताळला हॅम्पर किंवा व्हाउचर घ्यायचे. २००६ च्या ऑक्टोबरात, नाताळ दोन महिन्यांवर असताना, ती कोसळली. लाखाहून अधिक लोकांचे साठवलेले पैसे अडकले, आणि ते बहुतेक बेताच्या मिळकतीचे होते. त्या पैशांना बँकेतल्या ठेवीसारखं संरक्षण नव्हतं. सणासाठी पैसे बाजूला टाकायचे असतील तर आपल्याच खात्यात टाकावेत. तिथे ते दिसतात आणि हवे तेव्हा काढता येतात.

कोरा कागद

@लांबचा पल्ला, तत्समबद्दल सहमत. आम्हालाही कधी ऐनवेळी माल मिळत नाही, पण तेव्हा फोन करून विचारणं एवढं अवघड नसतं. आगाऊ रकमेबद्दल: मी निम्मी घेते, कारण खोके आणि मेवा मला रोखीने घ्यावा लागतो. उरलेली माल तपासून घेतल्यावर. दोघांनाही हे जमतं.

वाटसरू

सणानंतर हॅम्परच्या किमती निम्म्यावर येतात, तेव्हा घेऊन ठेवले तर?

गच्चीतली बाग

@वाटसरू, बरणी, टोपली, खोका हवा असेल तर जरूर घ्या, पुढच्या सणाला स्वतः भरता येतो. खाण्यासाठी घेताना तारखा बघा. चॉकलेट थंड कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतं. मेवा हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. बिस्किटं लगेच संपवायची असतील तरच घ्या.

उंबरा

सगळं वाचून मी यंदा स्वतःच भरायचं ठरवलंय. दोनच गोष्टी: २४० चे काजू आणि चांगलं चॉकलेट. एक अडचण आहे. मावशी दुसऱ्या गावी असते आणि तिला घरी केलेला मुरंबाही पाठवायचा आहे, काचेच्या बरणीत. कुरिअरने नीट पोचेल का?

कोरा कागद

@उंबरा, पोचतो. बरणी काठोकाठ भरू नका, बोटाच्या पेराएवढी जागा सोडा. झाकण घट्ट लावून बरणी एक रात्र आडवी ठेवा. सकाळी काठाला चिकटपणा दिसला तर झाकण बदला. मग बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत घाला, त्यावर फुग्यांच्या कागदाचे दोन-तीन वेढे, आणि खोक्यात सहाही बाजूंनी दोन बोटं गच्च भरण हवं. जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून घातलीत तरी पुरे. खोका हलवून बघा. आतून आवाज आला तर आणखी भरा. चॉकलेट त्याच खोक्यात टाकू नका, बरणीच्या वजनाने मोडतं. आणि पोचवायला किती दिवस लागतात ते विचारून सणाच्या किमान आठवडाभर आधी पाठवा, कारण शेवटच्या दिवसांत कुरिअरवाल्यांकडेही खोक्यांचे ढीग पडलेले असतात.